ब्रह्मदेवाच्या पाटावर

ब्रह्मदेवाशी माझं कधी जमलंच नव्हतं. भांडण म्हणावं तर तेही एकतर्फी. मी बोलायचो आणि तो गप्प. आमच्या नगर जिल्ह्यात देवांची काही वाण नाही. शनी अमावास्येला मी शिंगणापूरला जाऊन तेल घालून यायचो, घरात खंडोबाचा टाक होता, देवीचं नवरात्र बसायचं, आणि मारुती तर आमच्या कापडाच्या दुकानासमोरच उभा. त्याचा डोळा चुकवून गिऱ्हाईकाला भाव सांगणं मला कधीच जमलं नाही. ब्रह्मदेव मात्र कुठेच नाही. लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, की महादेवाच्या ज्योतीचं टोक पाहिल्याची थाप त्याने मारली, केवड्याला खोटी साक्ष द्यायला लावली, आणि तेव्हापासून त्याची पूजा बंद झाली. थाप मारली म्हणून देवाची ही गत, तर आमच्यासारख्या दुकानदारांचं काय होणार, या काळजीने मी त्या रात्री जेवलो नव्हतो म्हणे. आई सांगायची.

पण खरा राग वेगळाच होता. माझी थोरली शालू. लग्न होऊन दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा ओटी रिकामी झाली. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं पुऱ्या दिवसांचं, नाकीडोळी नीटस, पण रडलंच नाही. ते मूल मी हातात घेतलं होतं. बोटांना नखंसुद्धा होती. तेव्हापासून मी मनात ब्रह्मदेवाला एकच विचारत होतो, की बाबा रे, नखं घडवण्यापर्यंत आलास आणि मग कुठे उठून गेलास? कुंभारसुद्धा मडकं भाजल्यावर फोडत नाही. शनी पीडा देतो म्हणून आम्ही त्याला तेल घालतो, आणि हा जन्म देतो म्हणतात तर याला कुणी फूल वाहत नाही, ते बरोबरच आहे, असं माझं मत झालं होतं. आणि माझं मत झालं की ते साऱ्या गावाला ऐकावं लागायचं. वारभर खणाला आलेली बाई माझ्या दुकानातून चार गोष्टी ऐकल्याशिवाय सुटत नसे. आमची ही म्हणायची, "अहो, कापड कमी मोजता की जास्त ते देव जाणे, पण बोलणं मात्र भरपूर मोजता."

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. कर्जतच्या बाजूला आमचं गाव. पाऊस तिथे एरवीही पाहुण्यासारखाच येतो, त्या साली तर वाट वाकडी करूनही आला नाही. बैल छावणीत गेले होते आणि माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दुकानात धोतराच्या पानाला हात लावायलाही कुणी येत नसे. अशा दिवसांत शालू तिसऱ्यांदा गरोदर राहून माहेरी आली. आठवा महिना लागला होता. घरात आम्ही सगळे पाय न वाजवता चालायचो, जणू जमिनीला धक्का बसला तर पोटातल्याला कळेल.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते भिक्षुकी करत. घराण्यातली सगळी विद्या त्यांच्याकडे गेली आणि सगळी बडबड माझ्याकडे आली, अशी आमची वाटणी. दादांच्या मनाने घेतलं होतं, की शालूचे गर्भसंस्कार पहिल्या वेळी राहून गेले, ते आता तरी करावेत. ते म्हणाले, "प्रजापतीला, म्हणजे ब्रह्मदेवालाच, आहुती द्यायची. मागणं त्याच्यापाशीच आहे, तर त्याला टाळून कसं चालेल?" मी म्हणालो, "दादा, दोनदा त्याने काय केलं ते पाहिलंय आपण." दादांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि जावयांना, माधवरावांना, बोलावणं धाडलं.

होमाच्या दिवशी सकाळी अडचण आली. होमात एक ऋत्विज ब्रह्मा म्हणून अग्नीच्या दक्षिणेला बसतो. कर्जतहून येणारे गुरुजी ताप आल्यामुळे आले नाहीत. दादा म्हणाले, "काही बिघडत नाही. माणूस नसेल तर दर्भाची जुडी बांधून पाटावर ठेवतात, तोच ब्रह्मा." तेव्हा शालू भिंतीला टेकून बसली होती. ती हसून म्हणाली, "काका, गवत कशाला? अण्णांना बसवा ना. मला समोर दिसत राहतील."

सगळं घर हसलं. कारण ब्रह्म्याचं मुख्य काम गप्प बसणं. दादांनी मला समजावलं, की बाकीचे वाणीने यज्ञ करतात, ब्रह्मा मनाने करतो. त्याने सगळीकडे लक्ष ठेवायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो मध्येच बोलला तर यज्ञ एका पायाने लंगडतो. बोलायला मला मिळणार होते दोनच शब्द. दादा विचारणार, पाणी पुढे नेऊ का, आणि मी म्हणायचं, "ॐ प्रणय," म्हणजे ने. एवढं झालं की शेवटपर्यंत मौन.

"जमेल का?" दादांनी विचारलं.

"न जमायला काय झालं?" असं म्हणून मी मौनावर बोलायला सुरुवात केली, तेव्हा हिने माझ्या हातात सोवळं ठेवलं आणि मला मोरीकडे ढकललं.

शेजारच्या हौसाबाई त्या दिवशी कामाला खाडा करून आल्या होत्या. शालूला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. मला पाटावर ताठ बसलेला पाहून त्या दारातूनच म्हणाल्या, "आगं बया! आण्णा अन् गप? आता पाऊस पडतोय बगा. लिवून ठिवा!" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, दादांनी भुवई उचलली, आणि मी तोंड मिटलं. ते उत्तर अजून माझ्या पोटात आहे.

होम सुरू झाला. "ॐ प्रणय" मी इतक्या जोरात म्हणालो की बाहेरची चिमणी उडाली. मग शांतता. पहिला काही वेळ फार वाईट गेला. जिभेला मुंग्या आल्या. दादांनी समिधा ठेवली तर मला ती समिधा कुठून आणली ते सांगायचं होतं. तूप कढलं तर कोणत्या म्हशीचं ते सांगायचं होतं. पण हळूहळू काहीतरी निराळं घडायला लागलं. बोलणं थांबलं तसं दिसायला लागलं. आपल्या घरात मी इतकी वर्षं राहतो, पण दादांचा हात आहुती देताना किंचित थरथरतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या हिच्या कानाशी पांढरं झालंय, ते पाहिलं. माधवराव मंत्र म्हणताना दर वेळी चोरून शालूकडे बघतात, ते पाहिलं. जन्मभर मी लोकांना दाखवत आलो होतो. नुसतं पाहणं माझ्या वाट्याला आलंच नव्हतं.

आणि मग मी शालूला पाहिलं. माझ्या तिरकस समोरच ती बसली होती. पायावर सूज होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, या दिवसांत येतेच, असं सगळे म्हणत. पण सूज पायावरच नव्हती. पापण्या जड होत्या, बोटं फुगली होती, बांगडी मनगटात रुतली होती. दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं, हिने सुंठ उगाळून लावली होती, त्याचा पांढुरका पट्टा कपाळावर तसाच होता. ती सारखी डोळे मिटून उघडत होती. धूर असेल, मी मनाशी म्हणालो. पण धूर तर वाऱ्याने माझ्याकडे येत होता.

प्रजापतीच्या आहुत्या झाल्या. माधवरावांनी साळिंदराच्या काट्याने तिचा भांग वर काढला. त्यानंतर आमच्या घराण्यात एक रीत आहे. नवऱ्याने ऊन भातावर तूप घालून ती वाटी बायकोसमोर धरायची आणि विचारायचं, "काय पाहतेस?" तिने त्या तुपात बघून म्हणायचं, "संतती पाहते, सौभाग्य पाहते." माझ्या आईने हे उत्तर दिलं होतं, आमच्या हिने दिलं होतं. शालूकडून ते सकाळपासून घोकून घेतलं होतं.

माधवरावांनी वाटी धरली. "काय पाहतेस?"

शालूने मान वाकवली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "संतती पाहते, सौभाग्य पाहते."

सगळ्यांचे चेहरे उजळले. हिने डोळ्यांना पदर लावला. हौसाबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. दादा समाधानाने पुढच्या आहुतीकडे वळले. उत्तर बिनचूक आलं होतं ना!

मी एकटा त्या पाटावर गोठून बसलो होतो. कारण वाटी माधवरावांच्या डाव्या हातात होती आणि शालूने पाहिलं होतं त्यांच्या उजव्या गुडघ्याकडे. तिथे काहीच नव्हतं.

तो एक क्षण मला अजून सांगता येत नाही. एकीकडे दादांचा शब्द, की ब्रह्मा बोलला तर यज्ञ लंगडा होतो. आणि हा यज्ञ कशासाठी, तर त्याच जिवासाठी. मी बोललो आणि पुन्हा काही विपरीत झालं, तर जन्मभर कुणाच्या तोंडाकडे बघणार? उगाच असेल, वाकताना नजर चुकली असेल. इतका वेळ सांभाळलं, आता थोडकंच राहिलंय. हा सगळा विचार मी करतोय असं मला वाटत होतं, तोवर माझा आवाज माझ्याच कानावर आला.

"दादा, थांबा! पोरीला दिसत नाहीये!"

दादांचा पळीचा हात हवेत राहिला. ही म्हणाली, "अहो, काय हे! गप्प बसा ना!" मी पाटावरून उठलो नाही, पण हात पुढे करून बोटं धरली. "शालू, बाळ, किती बोटं आहेत?"

ती माझ्या दिशेने बघून कसनुसं हसली. "अण्णा, सकाळपासून सगळं अंधुक दिसतंय. मध्येच काजवे चमकतात. होम मोडायला नको म्हणून बोलले नाही."

हौसाबाई दारातून पुढे आल्या, त्यांनी शालूचा हात हातात घेऊन दाबला. बोट उचललं तरी खळगा तसाच राहिला. त्यांचा चेहरा पालटला. "माज्या भावजईला असंच झाल्तं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तिचं पुढे काय झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. "आण्णा, हिला नगरला न्ह्या. आत्ताच्या आत्ता."

न्यायची कशी? बैल छावणीत. सकाळची एसटी गेलेली, दुसरी संध्याकाळी. आणि फाटा गावापासून चांगलाच लांब. हौसाबाई पदर खोचून धावत सुटल्या त्या थेट रस्त्याच्या कामावर. त्यांचा आवाज आम्हाला घरात ऐकू आला. "आरं ए, टाका ते हातोडे! आण्णांची शालू आडलीया! बाज उचलायला चला!" आणि माणसं आली! उपाशीतापाशी उन्हात खडी फोडणारी माणसं, अंगावर पांढरी धूळ, घरात शिरली आणि शालूला बाजेसकट अलगद उचलून निघालीसुद्धा. दमलेला खांदा बदलायला दुसरा आपणहून पुढे व्हायचा. कुणी म्हणत होता, "हळू रं, हादरा बसू देऊ नगंस." बायका पदराने सावली धरून पळत होत्या. मी सोवळ्यातच, अनवाणी, बोटात दर्भाची अंगठी तशीच, मागे धावत होतो. मागे वळून पाहिलं, तर दादा उठून माझ्या रिकाम्या पाटावर दर्भाची जुडी ठेवत होते.

फाट्यावर पोहोचलो. रस्ता दोन्हीकडे मोकळा, नुसतं मृगजळ. शालूला उलटी झाली. माधवराव तिचं डोकं धरून बसले होते. तेवढ्यात गावाच्या उलट बाजूने, ज्या कच्च्या रस्त्याने महिनोन्महिने चाक गेलं नव्हतं तिथून, धुरळा उठला. पाण्याचा टँकर! लोकांनी हात वर केले, कुणी रस्त्यात आडवे झाले. टँकर करकचून थांबला. रिकामा होता. ड्रायव्हर जामखेडकडचा असावा, डोक्याला लाल पंचा, दाढी वाढलेली.

"गाव कोणचं हे?" त्यानेच आम्हाला विचारलं. "रोज एकाच रस्त्यानं जातोय, आज कुठं वळलो ते कळंना झालंय. ह्ये माळरान काय मी बगितलेलं न्हाई."

मग त्याची नजर बाजेवर गेली. पुढे त्याने काही विचारलं नाही. "ताईला अन् आईला पुढं बसवा. पाव्हणं, तुमीबी आत शिरा, मान धरा त्यांची. मामा," हे मला, "तुमाला मागं टाकीला धरून उभं ऱ्हावं लागंल. जमंल का?"

"जमेल," मी म्हणालो. त्या दिवशी जमेल का असं मला दुसऱ्यांदा विचारलं जात होतं आणि या खेपेला मी पुढे काही बोललो नाही.

टँकर सुटला. रिकामी टाकी ढोलासारखी वाजत होती. उन्हाने लोखंड तापलेलं, वारा अंगावर धूळ मारत होता, आणि मी सोवळ्याचा काच्या मारलेला पोक्त माणूस टँकरच्या शिडीला वटवाघळासारखा लोंबकळलेला. वाटेतल्या मिरजगावात लोक हसले असतील. हसावं असंच ते दृश्य होतं. पण त्या शिडीवर एक गोष्ट घडली. वर्षानुवर्षं मी ज्याला टोमणे मारले, त्याला आज म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तक्रार नव्हती, नवस नव्हता. मी एवढंच मनात म्हणालो, की घडवणारा तू आहेस. मला यातलं काही येत नाही. मला दिसलं तेवढं मी सांगितलं, आता पुढचं तुझ्या हाती. आणि विश्वास ठेवा, त्या क्षणी छातीतून ओझं उतरलं. शालू वाचेल असं वाटलं म्हणून नव्हे. वाचेल की नाही ते मला माहीतच नव्हतं. पण ते मी एकटा उचलून धरलेलं नाही, हे कळलं.

नगरला दवाखान्याच्या दारात टँकर थेट आत घातला. डॉक्टरीणबाईंनी शालूचा रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले आणि मागे न बघता हाका मारायला सुरुवात केली. स्ट्रेचर गेलं, दार बंद झालं. आम्ही बाकावर. केव्हातरी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झटके सुरू व्हायच्या बेतात होते. पोट उघडून मूल काढावं लागेल. दोघांचंही सांगता येत नाही. हिला दिसत नाही हे कुणाच्या लक्षात आलं?"

हिने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात," आणि आत गेल्या. आयुष्यात हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणी ऐकवलं.

दार उघडलं तेव्हा आधी आवाज बाहेर आला. बारीक, चिडका, मांजराच्या पिल्लासारखा. पण रडण्याचा! ही दाराशी धावली. माधवराव भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागले. मुलगी झाली होती, हातभरही नाही, कापसात गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. शालू बेशुद्ध होती, पण श्वास चालू होता. मी धावत बाहेर आलो, ड्रायव्हरला सांगायला. टँकर नव्हता. पहारेकरी म्हणाला, तो तर तुम्हाला सोडून लगेच गेला, पाणी भरायचं होतं त्याला. गावात आलेल्या प्रत्येक परक्याचं नाव, गाव, कूळ, सोयरीक विचारल्याशिवाय मी पाणीसुद्धा दिलेलं नाही. आणि ज्याने माझी लेक आणून पोचवली, त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. पुढे मी त्या रस्त्याला टँकर दिसला की हात करून विचारायचो. तो माणूस पुन्हा भेटला नाही. कुणी म्हणेल चुकलेला ड्रायव्हर होता. होताच. मी त्यावर वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी माधवराव गावाकडे जाऊन आले, त्यांच्याबरोबर संध्याकाळच्या एसटीने दादा आले. दादांनी रात्रभर अग्नी विझू दिला नव्हता. सकाळी माधवराव पोचल्यावर पूर्णाहुती केली होती. त्यांना पाहून मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, "दादा, मौन मोडलं माझ्या हातून. तुम्ही एवढं सांगितलं होतं."

दादा बाकावर बसले. प्रवासाने थकले होते. "तुला अर्धंच सांगितलं मी," ते म्हणाले. "ब्रह्म्याला यज्ञाचा वैद्य म्हटलंय आपल्याकडे. तो गप्प बसतो ते सगळीकडे डोळा ठेवता यावा म्हणून. कर्मात चूक झाली की ती त्याने सांगायची, त्यासाठीच त्याला बसवतात. आम्ही सगळे उत्तर ऐकत होतो रे. पोरीकडे तू पाहिलंस." मग ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं होम करतोय. त्या आसनावर बहुतेक वेळा गवतच ठेवत आलो."

त्यांनी पुडीतून होमाची रक्षा काढली. आम्ही आत गेलो. शालूने डोळे उघडले होते. तिने आमच्याकडे, नीट आमच्याकडेच, पाहिलं आणि विचारलं, "अण्णा, बाळ कसंय?" मी तिच्यासमोर बोटं धरली. "दोन," ती म्हणाली, आणि थकून हसली. परिचारिकेने कापसाचं ते गाठोडं क्षणभर माझ्या हातात दिलं. मी एक कडा बाजूला केली. बोटं होती. त्यांना नखं होती, तांदळाच्या कणीएवढी, गुलाबी. आणि ती बोटं हलत होती. माझ्या अंगठ्याला त्यांनी चक्क धरलं.

ब्रह्मदेवाचं देऊळ का नाही, हे मला आजही कुणी विचारलं तर मी केवड्याची गोष्ट सांगतो; सवय आहे. पण मनात मला वाटतं, त्याला देवळात बसायला सवड नसावी. तो कुठल्यातरी आठव्या महिन्यात, कुठल्यातरी बारीक नखाशी बसलेला असतो. त्याच्याकडून काही पूर्ण होतं, काही अर्ध्यावर राहतं. का राहतं ते मला कळलेलं नाही. त्या न रडलेल्या बाळाचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि ते मिळालं असं मी सांगणारही नाही. एवढंच झालं, की मी त्याच्याशी भांडायचं सोडलं. त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा झोपले, ही झोपली, माधवराव बसल्या बसल्या पेंगले. मी उठून उभा राहिलो, कोणत्या दिशेला ते ठरवलं नाही, आणि हात जोडले. आतून पुन्हा तो बारीक, चिडका आवाज आला. मी तो थांबेपर्यंत ऐकत राहिलो.